एचपीव्ही पॉझिटिव्ह, पण नंबर कोणता? सीआयएन, कर्करोग आणि अर्धवट रिपोर्ट

काचपट्टी (धागाकर्ता)

"एचपीव्ही हाय रिस्क : डिटेक्टेड." एवढ्या एका ओळीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारा विषाणू सापडल्याचा, रिपोर्ट हातात पडला की पुढचे प्रश्न ठरलेले. कॅन्सर झालाय का? पिशवी काढावी लागेल का? नवऱ्याचीही तपासणी करायची का? तिन्हींचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असं असतं. जो प्रश्न विचारायला हवा तो मात्र राहून जातो: नंबर कोणता?

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. नंबर मिळाले ते सापडण्याच्या क्रमाने, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे विषाणू जहाल असं काही नाही. जननमार्गात शिरणारे साधारण चाळीस. ६ आणि ११ चामखीळ आणतात, कर्करोगाच्या वाटेला सहसा जात नाहीत. आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ज्यांना निश्चित कर्करोगकारक ठरवलंय ते बारा: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९. ६८ 'बहुधा' या रकान्यात. बाजारातल्या बऱ्याच चाचण्या चौदा पकडतात, म्हणजे हे बारा आणि वर ६६ व ६८.

आता या चौदांना एकाच 'हाय रिस्क'च्या पोत्यात घालणं हीच अडचण आहे. २०२४ साली लॅन्सेटमध्ये जगभरच्या माहितीचं विश्लेषण आलं. त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगातला वाटा असा: १६ चा ६१.७ टक्के, १८ चा १५.३, ४५ चा ४.८, ३३ चा ३.८, ५८ चा ३.५, ३१ आणि ५२ चे प्रत्येकी २.८. उरलेल्या सगळ्यांना मिळून पाच टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे, म्हणजे मध्य, पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या गटात, १६ आणि १८ दोघेच ८३ टक्क्यांच्या घरात जातात.

पण मला हा धागा ज्यासाठी काढायचा होता ते पुढे आहे. कर्करोगातली ही वाटणी आणि कर्करोगपूर्व बदलांतली वाटणी सारखी नसते. (गर्भाशयमुखाच्या पेशींतल्या बदलांच्या पायऱ्या म्हणजे सीआयएन, १ सौम्य ते ३ तीव्र. त्या पेशी ब्रशने काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी म्हणजे पॅप.) २०१२ साली आलेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात पायरीगणिक मोजलंय. एचपीव्ही असलेल्या पण पॅप नॉर्मल ते सीआयएन १ एवढ्यावरच असलेल्या बायकांत १६ नंबर २० ते २८ टक्के. सीआयएन २ मध्ये ४० टक्के. सीआयएन ३ मध्ये ५८. कर्करोगात ६३. ५१ नंबरचं नेमकं उलटं: नॉर्मल पॅपमध्ये तो जेवढा दिसतो त्याच्या सहावा हिस्साही कर्करोगात उरत नाही. वर चढताना बाकीचे गळतात, १६ टिकतो.

म्हणून 'आमच्याकडे सीआयएनमध्ये ५१ आणि ५६ फार सापडतात, लसीत ते का नाहीत?' असं कुणी विचारलं की आधी कोणत्या पायरीवरचं सीआयएन ते विचारावं. सीआयएन १ हा बहुतांशी चालू संसर्गाचा सूक्ष्मदर्शकाखालचा चेहरा आहे. त्याला 'कर्करोगपूर्व' म्हणणंच मला पटत नाही.

---

जास्वंद

छान धागा. दोन शंका. एक, १८ नंबर कर्करोगात १५ टक्के आहे तर सीआयएन ३ मध्ये तेवढा का दिसत नाही? दोन, नंबर एवढा महत्त्वाचा असेल तर लॅब तो लिहीत का नाही?

---

काचपट्टी

पहिल्याचं मी सांगतो, दुसऱ्याचं लॅबवाल्यांनी सांगावं.

१८ ला वरच्या बाजूला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतल्या ग्रंथीपेशींत, जास्त थारा मिळतो. तिथे होतो तो अ‍ॅडेनोकार्सिनोमा. एचपीव्ही सापडलेल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमांत १६, १८ आणि ४५ हे तिघेच मिळून ९४ टक्के. ही जागा ब्रशला नीट मिळत नाही, कॉल्पोस्कोपला (गर्भाशयमुख मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीला) दिसत नाही, आणि व्हिनेगर लावून बघायच्या व्हीआयए तपासणीत तर ती नजरेआडच असते. त्यामुळे १८ ची पूर्वावस्था नसते असं नाही, ती आपल्याला सापडत नाही. शिवाय तिचं नाव सीआयएन नसून एआयएस, म्हणजे ती दुसऱ्याच रकान्यात मोजली जाते.

दुसरं कारण पेशीच्या आतलं. विषाणूचा डीएनए गोल असतो, साधारण आठ हजार अक्षरांचा. तो आपल्या गुणसूत्रात घुसताना बऱ्याचदा ई२ या जनुकापाशी तुटतो. ई२ चं काम ई६ आणि ई७ ला लगाम घालणं. लगाम तुटला की ई६ पेशीतल्या पी५३ चा निकाल लावतं, ई७ आरबी प्रथिनाला अडकवतं, आणि पेशीचे दोन्ही ब्रेक निकामी. कर्करोगात १८ हा जवळपास नेहमीच असा घुसलेला सापडतो. १६ मात्र कर्करोगातही कधीकधी सुटाच असतो. प्रयोगशाळांत जगभर वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ साली गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या; त्यांच्यात १८ च आहे.

वयाचाही फरक पडतो. अडतीस देशांतल्या ब्लॉक्सवर (मेणात जतन केलेल्या गाठींच्या तुकड्यांवर) झालेल्या २०१० च्या अभ्यासात कर्करोगाच्या निदानाचं सरासरी वय १६ मध्ये ५०, १८ मध्ये ४८.२, ४५ मध्ये ४६.८ आणि बाकीच्या प्रकारांत ५५.५ निघालं.

---

पिपेटवाला

लॅबची बाजू. नंबर न लिहिण्यामागे आळसही असतो, नाही म्हणत नाही. पण मुळात चाचणी काय वाचते यावर ते ठरतं.

हायब्रिड कॅप्चर २ ही जुनी आणि भरपूर अभ्यासलेली चाचणी. तेरा प्रकारांचे प्रोब (त्या त्या विषाणूला चिकटणारे तुकडे) एकाच नळीत, उजेड किती पडला ते मोजायचं. नियंत्रकाच्या तुलनेत गुणोत्तर १ किंवा जास्त आलं की पॉझिटिव्ह. नंबर कळायची सोयच नाही. वर ५३, ६६ अशा शेजाऱ्यांनाही ती थोडी भुलते. तिची खरी खोट वेगळीच आहे. नमुन्यात पेशी आल्यात की नाही हे तपासणारं नियंत्रण तिच्यात नाही. ब्रश कोरडा फिरवून आणला तरी ती बिनधास्त 'निगेटिव्ह' सांगते.

कोबास: १६ वेगळा, १८ वेगळा, उरलेले बारा एकत्र. सोबत बीटा ग्लोबिन हे मानवी जनुक वाचते. ते आलं नाही तर रिपोर्ट 'इनव्हॅलिड'. काही डॉक्टर यावर चिडतात, पण तेच बरं.

एक्सपर्ट: पाच रकाने. १६, १८/४५, ३१/३३/३५/५२/५८, ५१/५९, ३९/५६/६६/६८. काडतुसात १ मिलि. नमुना घालायचा, तासाभरात उत्तर. १८ आणि ४५ एकत्र येतात, पण वर काचपट्टी म्हणाले तसे ते दोघे वागायलाही भाऊच आहेत.

ऑनक्लॅरिटी सगळ्यात मोकळं बोलते: १६, १८, ३१, ४५, ५१, ५२ सुटे, ३३/५८, ३५/३९/६८ आणि ५६/५९/६६ जोडून.

ट्रूनॅट: गोव्याच्या मोलबायोची, बॅटरीवर चालणारी. तिची मूळ एचपीव्ही चिप १६/३१ आणि १८/४५ एवढेच वाचते. तेव्हा तिचा 'निगेटिव्ह' म्हणजे चार नंबरांपुरता निगेटिव्ह. चौदांची चाचणी निगेटिव्ह येणं आणि हे, दोन्ही एक नव्हेत. रिपोर्टवर चाचणीचं नाव लिहिलेलंच नसतं तेव्हा खरा घोळ होतो.

अजून एक. रिपोर्टवर सीटीचा (यंत्राच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला त्याचा) आकडा दिसला की लोक त्यावरून 'विषाणू किती' ते काढतात. काढू नका. ब्रशवर पेशी किती आल्या यावरच तो आकडा हलतो.

---

खडीसाखर

ब्रश कोरडा फिरवला म्हणजे? नमुना घेताना नेमकं काय चुकतं?

---

पिपेटवाला

चुकायला जागा भरपूर आहे.

झाडूसारखा ब्रश असतो, मधले केस लांब. लांब केस गर्भाशयमुखाच्या नळीच्या तोंडात, आखूड केस बाहेरच्या भागावर टेकवायचे आणि हलका दाब ठेवून एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, पाच फेरे. मागे-पुढे घासायचं नाही. मग बाटली. थिनप्रेपची २० मिलि.ची असेल तर ब्रश तळाशी दहा वेळा दाबायचा, केस फाकले पाहिजेत. शेवटी जोरात गरगरवायचा आणि ब्रश फेकून द्यायचा. शुअरपाथची असेल तर ब्रशचं डोकं मोडून बाटलीतच ठेवायचं. या दोन पद्धतींची अदलाबदल ही रोजची चूक. थिनप्रेपमध्ये डोकं सोडून दिलेल्या बाटल्या येतात, आणि शुअरपाथमधून डोकं काढून घेतलं तर पेशींचा मोठा हिस्सा कचऱ्यात जातो.

स्पेक्युलमला (योनी उघडी धरणाऱ्या उपकरणाला) जेल फासून घातलं तर कार्बोमर असलेलं जेल चाचणी अडवतं. कोमट पाणी पुरतं. पाळीच्या दिवसांत नमुना नको. शुअरपाथच्या द्रवात थोडं फॉर्मल्डिहाइड असतं, ते डीएनएला जखडून ठेवतं, म्हणून चाचणीआधी नमुना तापवायची पायरी असते. ती गाळली की विषाणू असून दिसत नाही.

एकाच बाटलीतून पॅप आणि एचपीव्ही दोन्ही करायचं असेल तर एचपीव्हीचा वाटा आधी काढून ठेवावा. पॅपच्या मशीनवर आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात जाऊ शकतो. पेशी बघणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवून शोधणाऱ्या चाचणीला) पडतो.

स्वतः घेतलेल्या नमुन्याबद्दल कुणीतरी विचारेलच: पीसीआरवर आधारलेली चाचणी असेल तर तो डॉक्टरांनी घेतलेल्याच्या जवळपास तोलाचा ठरतो. हायब्रिड कॅप्चरवर मात्र तो कमी पडतो.

---

स्पेक्युलम

ओपीडीत बसणाऱ्यांच्या कामाचं लिहितो. नंबरामुळे पुढचा निर्णय खरंच बदलतो का? बदलतो.

अमेरिकेत पोर्टलंडच्या २०,८१० बायकांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला होता. सुरुवातीला १६ असलेल्यांपैकी १७.२ टक्क्यांना दहा वर्षांत सीआयएन ३ किंवा त्याहून पुढचं काही निघालं. १८ असलेल्यांत १३.६. बाकी हाय रिस्क असलेल्यांत ३.०. निगेटिव्हमध्ये ०.८. 'पॉझिटिव्ह' हा शब्द चौघींपैकी तिघींना सारखाच लागतो, पण तिसरीला दोघींच्या शेजारी बसवून घाबरवण्यात काय अर्थ?

त्यामुळे अमेरिकी मार्गदर्शनात १६ किंवा १८ असेल तर पॅप नॉर्मल असली तरी थेट कॉल्पोस्कोपी. बाकीचे असतील आणि पॅप नॉर्मल असेल तर वर्षभराने पुन्हा चाचणी. तेव्हाही पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी. १६ सोबत एचएसआयएल (पॅपमध्ये तीव्र बदल) असेल आणि बाई गरोदर नसेल, वय २५ किंवा जास्त असेल, तर बायोप्सीची वाट न बघता थेट लूपने (विजेवर तापणाऱ्या तारेच्या फाशाने) भाग काढण्याचा पर्याय देता येतो.

१८ साठी माझा हट्ट असतो: नळीचा नमुना घ्या. कॉल्पोस्कोपीत ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून पूर्ण एक मिनिट थांबलात, काही पांढरं दिसलं नाही, आणि 'नॉर्मल' लिहून मोकळे झालात. पण पेशी बदलाचा पट्टा, म्हणजे हे बदल जिथे सुरू होतात तो भाग, पूर्ण दिसला होता का? चाळिशीनंतर तो आत सरकत जातो, रजोनिवृत्तीनंतर बऱ्याच जणींत दिसतच नाही. व्हीआयएचा उपयोग पन्नाशीनंतर फारसा उरत नाही तो यामुळेच. अशा वेळी 'नॉर्मल' नको, 'पट्टा दिसला नाही' असं लिहा. आणि बायोप्सी घेताना सगळ्यात पांढऱ्या एकाच ठिकाणी चिमटा मारून थांबू नका, दोन ते चार तुकडे घ्या.

आणि एक राहिलं. तीस वर्षांखालच्या मुलींना ही चाचणी सरसकट करू नये. त्या वयात संसर्ग येतो नि जातो. दोन वर्षांत दहापैकी नऊ जणींचा आपोआप मावळतो. जागतिक आरोग्य संघटनाही ३० पासून सुरुवात सांगते, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्ही असेल तर २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी.

---

सोलापुरी_चादर

नंबरावर एवढा भर वाचून जरा टोचलं म्हणून लिहितो.

गावपातळीवर या चाचणीने जीव वाचतात हे जगात पहिल्यांदा ठामपणे दिसलं ते आपल्याकडे, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आयएआरसी यांचा तो अभ्यास. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गावसमूह, चार गट: एचपीव्ही, पॅप, व्हीआयए आणि नेहमीची व्यवस्था. निकाल २००९ साली छापून आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा ४८ टक्क्यांनी कमी, ३४ विरुद्ध ६४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंत म्हणावी अशी घट दिसली नाही. (तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती गैर नव्हती.)

आणि चाचणी कोणती होती? वर पिपेटवाल्यांनी जिला नावं ठेवली तीच, हायब्रिड कॅप्चर २. एकही नंबर माहीत नसताना हे साधलं. तेव्हा 'नंबर नाही तर रिपोर्ट अर्धवट' हे शहरातल्या लॅबपुरतं ठीक आहे. तालुक्याच्या जागी आधी चाचणी तरी पोचू द्या.

---

काचपट्टी

मुद्दा मान्य, आणि शीर्षकातला 'अर्धवट' शब्द थोडा चढाच झाला. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा बघा. पुढच्या वर्षांत कर्करोग होण्याचं प्रमाण दर लाख स्त्री-वर्षांमागे एचपीव्ही निगेटिव्ह बायकांत ३.७, पॅप निगेटिव्हमध्ये १५.५, व्हीआयए निगेटिव्हमध्ये १६.०. म्हणजे या चाचणीची ताकद तिच्या 'नाही'त आहे. 'नाही' म्हणायला नंबर लागत नाही. 'हो' आल्यावर, कुणाला लगेच बोलवायचं आणि कुणाला वर्षाने, हे ठरवायला तो लागतो. आणि कॉल्पोस्कोप जिथे जिल्ह्याच्याच गावी असतो तिथे तर तो जास्तच लागतो, कारण शंभर पॉझिटिव्ह बायकांना एसटीने पाठवण्याऐवजी आधी १६ आणि १८ वाल्यांना पाठवता येतं.

---

सोलापुरी_चादर

हे पटलं. गाडीभाडं आणि बुडालेला रोज हासुद्धा निदानाचा भाग असतो.

जिथे वाट बघणं शक्यच नाही तिथे त्याच भेटीत उष्णता देऊन तो भाग जाळायची सोय आहे, थर्मल अ‍ॅब्लेशन. १०० अंशांचा प्रोब २० ते ४० सेकंद टेकवायचा, भाग मोठा असेल तर जागा बदलून पुन्हा. मात्र पांढरा भाग नळीत शिरलेला असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर ते करायचं नाही. तिथे आतलं काय आहे ते न बघताच वरून शिवून टाकल्यासारखं होतं.

---

ब्लॉक_आणि_ब्लेड

हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेले तुकडे कापून तपासायच्या विभागाच्या, मागच्या खोलीतून बोलतो. 'कर्करोगात कोणते प्रकार' हे आकडे ज्या मेणाच्या ब्लॉक्समधून येतात ते कापणाऱ्यांना फार कुणी विचारत नाही.

१९९५ साली बावीस देशांतल्या गाठी तपासल्या, ९३ टक्क्यांत एचपीव्ही सापडला. मग उरलेले सात टक्के विषाणूशिवायचे कर्करोग का? १९९९ साली तेच नमुने पुन्हा काढले. पहिला आणि शेवटचा काप रंगवून बघितला की मधल्या कापांत खरंच गाठ आहे ना, आणि एल१ या विषाणूच्या कवचाच्या जनुकाऐवजी ई७ जनुकावर पीसीआर लावला. आकडा ९९.७ टक्क्यांवर गेला. म्हणजे काहींत तपासलेल्या तुकड्यात गाठच नव्हती, आणि काहींत गुणसूत्रात घुसताना एल१ चा तुकडाच गळाला होता. नसलेलं जनुक शोधत बसलं तर सापडणार काय?

याला आम्ही सँडविच म्हणतो. पहिला काप काचेवर हिमॅटॉक्सिलिन-इओसिनसाठी, मधले गुंडाळून नळीत, शेवटचा परत काचेवर. दोन्ही काचांवर गाठ दिसली तरच मधल्याचा निकाल धरायचा. पीसीआरला हजार प्रतीही पुष्कळ होतात, त्यामुळे आधीच्या ब्लॉकचा कण पुढच्यात गेला तर संपलं. दर ब्लॉकला नवं पातं, चिमटा पुसायचा, पाण्याच्या टबात तरंगवायचं नाही, आणि मधूनमधून कोऱ्या मेणाचा ब्लॉक कापून तोही तपासणीला पाठवायचा. कोरा ब्लॉक पॉझिटिव्ह आला की त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

बफर न घातलेलं फॉर्मलिन हा आपल्याकडचा जुना रोग. त्यात डीएनएचे बारीक तुकडे होतात. जुना एमवाय जोडीचा पीसीआर ४५० अक्षरांचा अखंड तुकडा मागतो, जीपी५+/६+ दीडशेच्या आसपास, एसपीएफ१० फक्त ६५. दहा वर्षं कपाटात पडलेल्या ब्लॉकला ४५० मागणं म्हणजे वाळवी लागलेल्या पोथीतून अख्खं पान मागणं. म्हणून दोन शोधनिबंधांतले टक्के ताडून बघण्याआधी पद्धत बघा.

---

आकडेमोड

+१. यात एक भर. एकाच बाईत दोन-तीन नंबर सापडले तर दोष कुणाला द्यायचा? लेझरने सीआयएनचा एकेक भाग सुटा कापून तपासला तर जवळपास प्रत्येक भागात एकच प्रकार सापडतो. दोन प्रकार शेजारी नांदतात, पण गाठ एकाचीच. त्यामुळे 'आढळले' आणि 'कारणीभूत' हे दोन वेगळे रकाने. सगळे आढळलेले मोजले तर बेरीज १०० च्या वर जाते आणि ५१, ५२, ५६ फुगून दिसतात. एचआयव्ही असलेल्या बायकांत तर तीन-चार नंबर सर्रास असतात. वर दिलेले लॅन्सेटचे आकडे 'कारणीभूत'चे आहेत.

प्रदेशाचा फरकही खरा आहे. पूर्व आशियात ५२ आणि ५८ वरचढ, आफ्रिकेत ३५ चा वाटा बाकी जगापेक्षा कितीतरी जास्त. आणि ३५ कुठल्याच लशीत नाही.

---

जास्वंद

लशीवर आलातच तर विचारते. पुण्यात बनणारी लस चार नंबरांची, बाहेरची नऊ नंबरांची. नऊवालीच घ्यावी असं सगळे म्हणतात. फरक किती?

---

आकडेमोड

वरच्याच आकड्यांतून काढा. सिरमची सर्व्हावॅक ६, ११, १६, १८ ची. २०२२ साली परवानगी मिळाली. गार्डासिल ९ मध्ये त्यात ३१, ३३, ४५, ५२, ५८ ची भर. जगाच्या आकड्यांत १६+१८ म्हणजे ७७ टक्के, पाच वाढवले की ९४ च्या पुढे. आपल्या भागात सुरुवातच ८३ पासून होते, त्यामुळे वाढीव फायदा जगाच्या मानाने कमी. ऐपत असेल तर नऊवाली घ्या, वाद नाही. पण 'नऊवाली परवडत नाही म्हणून पुढच्या वर्षी बघू' हा हिशेब चुकीचा. मधल्या काळात संसर्ग झाला तर दोन्ही लशी त्याच्यापुढे सारख्याच निरुपयोगी. असलेला विषाणू त्या घालवत नाहीत.

स्कॉटलंडने २००८ पासून मुलींना फक्त १६ आणि १८ ची दोन नंबरांची लस दिली. १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींत पुढे गर्भाशयमुखाचा एकही कर्करोग नोंदला गेला नाही, असं २०२४ साली तिथल्या नोंदींवरून दिसलं. नेमके नंबर धरले तर दोनही पुष्कळ होतात.

मात्रांचं म्हणाल तर २००९ साली भारतात अनेक ठिकाणी, त्यात पुणे आणि बार्शीही, दोन विरुद्ध तीन मात्रांचा अभ्यास सुरू झाला होता. २०१० साली तो मधेच थांबवावा लागला आणि बऱ्याच मुली एकाच मात्रेवर राहिल्या. दहा वर्षांनी बघितलं तर १६/१८ चा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात ती एक मात्रा ९५.४ टक्के प्रभावी. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयासाठी एक मात्राही चालेल असं सांगितलं, त्यामागे हा पुरावाही आहे. २१ च्या पुढे दोन.

---

खडीसाखर

लस घेतल्यावर चाचणी पॉझिटिव्ह येते का? आणि त्या नवऱ्याच्या प्रश्नाचं कुणीच उत्तर दिलं नाही.

---

स्पेक्युलम

लशीत विषाणूचा डीएनए नसतो. एल१ प्रथिनाची रिकामी कवचं असतात, यीस्टमध्ये वाढवलेली. चाचणी डीएनए शोधते, त्यामुळे लशीने पॉझिटिव्ह यायचं कारण नाही.

नवऱ्याची तपासणी: पुरुषांसाठी यात मान्यता असलेली चाचणी नाही, आणि असती तरी बाईच्या उपचारात फरक पडला नसता. संसर्ग कधी आला हेही नंबरावरून कळत नाही. तो वर्षानुवर्षं दबून राहून पुन्हा वर येऊ शकतो. तेव्हा रिपोर्ट घेऊन घरात कोर्ट भरवू नका.

---

जास्वंद

आणि लूप करून भाग काढल्यानंतर? पुन्हा पॉझिटिव्ह आलं तर?

---

स्पेक्युलम

सहा महिन्यांनी चाचणी. इथेही नंबर मदत करतो. आधी १६ होता आणि आत्ताही १६ असेल तर काहीतरी मागे राहिलंय असं धरून नळीसकट तपासायचं. आधी १६ आणि आता ५६, तर तो बहुधा वेगळा, नवा किंवा पूर्वी झाकला गेलेला संसर्ग, चिंता कमी. दोन्ही वेळा नुसतं 'डिटेक्टेड' असेल तर यातलं काहीच सांगता येत नाही. पुढची देखरेख किमान २५ वर्षं.

उपचार टाळणाऱ्यांसाठी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचं उदाहरण द्यावं लागतं. तिथल्या एका रुग्णालयात साठ-सत्तरच्या दशकांत सीआयएन ३ असलेल्या बायकांना नीट उपचार न देता नुसतं बघत ठेवलं गेलं. १९८७-८८ मध्ये त्यावर चौकशी आयोग बसला. ज्यांना पुरेसे उपचार मिळाले नाहीत त्यांच्यातल्या ३१.३ टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाला. पुरेसे उपचार मिळालेल्यांत ०.७.

---

काचपट्टी

एक अपवाद नोंदवून ठेवतो. काही कर्करोग खरोखरच एचपीव्हीशिवायचे असतात, उदाहरणार्थ जठरासारख्या पेशींचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा. २०२० च्या वर्गीकरणात ते वेगळेच काढलेत. पी१६ चा (एचपीव्हीची खूण मानल्या जाणाऱ्या प्रथिनाचा) डाग त्यांत सहसा ठळक येत नाही. तेव्हा संबंधानंतर रक्त जाणं, पाण्यासारखा स्राव, पाळी बंद झाल्यावर रक्त असं काही असेल तर एचपीव्ही निगेटिव्ह रिपोर्ट दाखवून बाईला घरी पाठवू नये. चाचणी तक्रार नसलेल्यांसाठी आहे. तक्रार असेल तर बघायचं आणि तुकडा घ्यायचा.

---

खडीसाखर

शेवटचं. ज्यांच्या हातात आत्ता नंबर नसलेला रिपोर्ट आहे त्यांनी पुन्हा जाऊन नमुना द्यायचा का?

---

पिपेटवाला

आधी लॅबला फोन. विचारायचं एवढंच: चाचणीचं नाव काय, त्यात किती प्रकार, मानवी जनुकाचं नियंत्रण आलं होतं का, आणि बाटली अजून आहे का. थिनप्रेपच्या बाटलीत २० मिलि. असतात, पॅप आणि एचपीव्ही दोन्ही झाल्यावरही बऱ्याचदा निम्म्याहून जास्त उरतात, आणि एक्सपर्टला १ मिलि. पुरतो. २ ते ३० अंशांत ठेवलेला नमुना कोबास आणि एक्सपर्टला सहा महिन्यांपर्यंत चालतो. पण जागेअभावी बऱ्याच लॅब बाटल्या त्याआधीच टाकून देतात, तेव्हा फोन या आठवड्यात करा.